पान किती वेळ ओलं राहतं

माझ्या सासूबाईंच्या पायाला भिंगरी आहे. ट्रॅक्टरला मागे औषधाची टाकी, टाकीच्या दोन्ही अंगांना पंखांसारखे उघडणारे लांब दांडे आणि दांड्यांवर ओळीने नोझल, हा सगळा संसार घेऊन त्या कुणाच्याही शेतात हाकेसरशी हजर होतात. लोक त्यांना ‘फवारावाली’ म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, आता रोज बोलणी खावी लागणार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात रबरी मोजे ठेवले. म्हणाल्या, “स्वयंपाक तुझ्या सासऱ्यांना माझ्यापेक्षा बरा जमतो. तू माझ्याबरोबर चल.”

मी त्याआधी बुटांच्या दुकानात काउंटरवर होते. लोकांच्या पायांची मापं घेण्यात तरबेज, पण पिकातलं ओ की ठो कळत नव्हतं. सासरे ताडपत्र्या शिवतात. शेडच्या एका बाजूला त्यांचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर, आणि मधल्या जागेत आम्ही चहा प्यायचो. माझा नवरा बसवर ड्रायव्हर, त्यामुळे तो घरी पाहुण्यासारखा यायचा. शेड चालवायचो आम्ही दोघी.

आमच्याकडे सगळीकडे भुईमूग. शेंगांचं तेल काढणारी गिरणी रस्त्याच्या टोकालाच आहे. या भुईमुगाचा जुना वैरी म्हणजे टिक्का. ही पानावरची बुरशी. आधी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका येतो, मग तो वाटाण्याएवढा काळा होतो, मग पानं गळायला लागतात आणि शेतात नुसत्या काड्या उभ्या राहतात. झाड उपटायला जावं तर दांडा हातात येतो आणि शेंगा मातीतच राहतात. एकदा ठिपका पडला की औषध त्याला पुसून टाकू शकत नाही. बुरशी पानात शिरायच्या आधी औषध पानावर बसलेलं असावं लागतं. म्हणजे सगळा खेळ वेळेचा.

ती वेळ ओळखायचा सासूबाईंचा नियम सोपा होता. पाऊस पडला की फवारा. ढग आले की आमचे फोन वाजायला लागायचे आणि जमिनीला वाफसा आला, म्हणजे चाक रुतणार नाही इतपत ती सुकली, की ट्रॅक्टर बाहेर. त्यांच्या भावानेही तसंच केलं होतं, ज्याच्याकडून त्या हे काम शिकल्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी आल्यावरच्या दुसऱ्या हंगामात मात्र सगळं फिसकटलं. सुरुवातीला पाऊस चांगला झाला आणि आम्ही धावत-पळत सगळ्यांच्या शेतात फवारलं. मग पाऊस थांबला. आभाळ निरभ्र, दिवसा कोवळं ऊन, पहाटे गारवा. सगळे निवांत झाले. आम्हीही ट्रॅक्टर धुऊन शेडमध्ये लावला. आणि त्या कोरड्या दिवसांनंतर टिक्का असा पेटला की बघता बघता शेतं उघडीबोडकी झाली.

सगळ्यात जास्त मार बसला चष्मेवाल्या काकांना. हे माझ्या सासऱ्यांचे लहानपणचे मित्र, जाड भिंगांचा चष्मा आणि त्याहून जाड अभिमान. त्यांनी नुकतेच शेतभर स्प्रिंकलर बसवले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. ते तावातावाने शेडमध्ये आले. मूठभर काळी पानं त्यांनी सासऱ्यांच्या मशीनवर टाकली.

“वहिनी, औषध टाकलंत की नुसतं पाणी शिंपडलंत?”

सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या ओरडल्या नाहीत, हेच मला भीतिदायक वाटलं. त्यांनी ती पानं गोळा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “मी पाणी मारलं की औषध, हे या पानांनाच विचारून येते.”

तासाभरात आम्ही दोघी तेलबिया संशोधन केंद्राच्या फाटकापाशी उभ्या होतो. सासूबाईंनी थेट आत जाऊन विचारलं, “इथं बुरशीचं कोण बघतं?”

बुरशीचं बघणाऱ्या डॉक्टरबाई तिशीच्या आसपासच्या, केस पेन्सिलीने वर बांधलेले, पांढऱ्या कोटाच्या खिशाला हिरवा डाग. त्यांनी पानं पालथी केली, भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, “काकू, औषध कधी मारलं होतं?”

“पावसानंतर लगेच.”

“आणि तेव्हा हवा कशी होती?”

“उकाडा. अंगाची लाही होत होती. पाऊस पडून गेला की तासा-दोन तासात सगळं कडकडीत.”

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली. “मग तुमचं औषध खरं होतं, काकू. बुरशीच त्या दिवसांत आली नव्हती. ती आली तोवर औषधाचा जोर ओसरला होता.”

सासूबाई बुचकळ्यात पडल्या. डॉक्टरबाईंनी आम्हाला मायक्रोस्कोपपाशी नेलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी टिक्क्याचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी म्हणा, एका ओलसर डबीत गार जागी ठेवले होते. आधी मी डोळा लावला. काचेखाली लांबट, काठीसारखे दाणे आणि काही दाण्यांच्या टोकातून निघालेला बारीक धागा. मग सासूबाई वाकल्या.

“अगं, हिला पाय फुटलेत,” त्या पुटपुटल्या. “ही चालत निघालीय.”

“पानाला श्वास घ्यायला बारीक भोकं असतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हा धागा ते भोक शोधतो आणि आत शिरतो. पण त्याला वेळ लागतो. तोवर पान ओलं राहायला हवं. वाटेत पान वाळलं तर बहुतेकांचा खेळ तिथेच संपतो.”

“आणि उकाड्यात?”

“उकाड्यात हिला धड उगवताच येत नाही. हिला आवडतो गारवा, वीस ते पंचवीस अंशांच्या मागेपुढे, आणि दहा-बारा तास ओलं पान. दोन्ही एकदम मिळालं पाहिजे. नुसती ओल नको, नुसता गारवाही नको.”

“पण पाऊस थांबल्यावर पान ओलं कशानं राहील?”

हे विचारता विचारताच सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

“दव,” त्या म्हणाल्या. “अगं बाई, दव.”

एवढ्यावर दुसरं कुणी समाधानाने घरी गेलं असतं. सासूबाई तिथेच अडून बसल्या. मला हे डोळ्यांनी बघायचंय, म्हणाल्या. डॉक्टरबाईंनाही मनापासून ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं असावं. त्यांनी कुंड्यांमधली भुईमुगाची चार निरोगी रोपं काढली आणि चारही रोपांवर त्याच बीजाणूंचं पाणी सारखं फवारलं. एक रोप गरम कपाटात ओलं ठेवलं. एक गार कपाटात ठेवलं, पण पानं पंख्याने लगेच वाळवून. एक गार ठेवलं आणि पानं थोडा वेळच ओली राहू दिली. चौथं गारही ठेवलं आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत ओलंही.

त्यानंतर सासूबाईंचं केंद्रात रोजचं जाणं सुरू झालं. सासरे म्हणाले, “हिला माहेर मिळालं वाटतं.” पहिले कित्येक दिवस चारही रोपं सारखीच हिरवी. सासूबाई चिडायच्या, डॉक्टरबाई हसायच्या. बुरशी आत शिरली तरी ठिपका दिसायला दोनेक आठवडे जातात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, पण सासूबाईंना धीर कुठला. मग एके सकाळी मी शेडमध्ये नोझल धूत होते तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज इतका मोठा की फोन कानापासून लांब धरावा लागला.

“चौथ्यावर आले गं ठिपके. पान भरून आलेत. तिसऱ्यावर एखाद-दुसरा. बाकीची दोन्ही स्वच्छ. ये तू, आत्ता ये.”

मी तशीच ओल्या हातांनी गेले. दोघी बायका रोपांसमोर उभ्या होत्या आणि लग्नघरात असावं तसा आनंद त्यांच्या तोंडावर होता. रोगाचे डाग बघून एवढं खूश झालेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.

पुढच्या हंगामात डॉक्टरबाईंनी आमच्या शेडला लागून असलेल्या शेतात एक खांब रोवला. त्यावर पानांच्या उंचीला तळहाताएवढी पट्टी. पट्टी ओली झाली की तिला कळतं, वाळली की कळतं, आणि शेजारचा तापमापक गारवा-उकाडा सांगतो. दोन्हींचा मेळ आमच्या फोनवर यायचा. सासूबाई सकाळी डोळे उघडायच्या आधी फोन चाचपायच्या. सासरे म्हणायचे, “इतक्या प्रेमानं हिनं माझी चिठ्ठीसुद्धा कधी वाचली नाही.”

आता खरी परीक्षा होती. भर उकाड्यात पहिला मोठा पाऊस पडला आणि फोन खणखणायला लागले. सासूबाई एकेकाला सांगत होत्या, “आज नको. पान दुपारच्या आत वाळतंय, हवा तापलेली आहे. थांबा, मी सांगते.”

पलीकडून काय-काय ऐकावं लागलं. कुणी म्हणालं, वय झालं. कुणी म्हणालं, ट्रॅक्टर बिघडला असेल, लाज वाटते म्हणून सांगत नाही. कित्येकांनी दुसरा फवारावाला बोलावला आणि तो आमच्या शेडसमोरून हॉर्न वाजवत गेला. हातचं काम असं निघून जाताना पाहून मी सासूबाईंकडे वळले.

“आई, आपण चुकत तर नाही ना?”

“चुकलो तर तोंड दाखवायला जागा नाही,” त्या म्हणाल्या. “पण ते चौथं रोप मी या डोळ्यांनी पाहिलंय.”

मग पाऊस उघडला. आभाळ धुतल्यासारखं निळं, लोक गाद्या-उशा उन्हात घालायला लागले. हवेत गारवा उतरला. एका सकाळी आम्ही दोघी शेतात शिरलो तर गुडघ्यापर्यंत चिंब. पानापानावर दव असं साचलं होतं की धक्का लागला की सरसर ओघळायचं. सूर्य चांगला वर आला तरी आतली पानं ओलीच. फोनवर पाहिलं, पट्टी आदल्या रात्रीपासून वाळलीच नव्हती. गारवाही नेमका बुरशीच्या आवडीचा. तेवढ्यात डॉक्टरबाईंचाच फोन.

“काकू, बघताय ना?”

“बघतेय काय, भिजतेय,” सासूबाई म्हणाल्या. “आज निघू?”

“आज आणि उद्या. हवा अशीच राहायचा अंदाज आहे. परवापर्यंत थांबू नका.”

त्या दिवशी आमच्या शेडमध्ये जी धांदल उडाली, ती आठवली की अजून अंगात वारं शिरतं. मी फोनवर, सासूबाई टाकीवर, सासरे ताडपत्री तशीच टाकून पाण्याच्या पाइपवर. लोकांना पटवणं मुश्किल. “इतक्या स्वच्छ हवेत फवारा?” असं प्रत्येकजण विचारायचा. मी सांगायचे, “आकाशाकडे बघू नका, शेतात जा, पँट किती भिजते ते बघा.” काही जण खरोखर गेले आणि भिजून परत फोन केला. दुपार व्हायच्या आत आमचा ट्रॅक्टर तिसऱ्या शेतात होता. वारा पडलेला, दोन्ही दांडे पसरलेले, नोझलांतून निघणारं धुकं पानांवर अलगद बसत होतं. सासूबाई सीटवर ताठ बसलेल्या, मी मागून चालत एकेक नोझल तपासत होते. एक तुंबलं, मी चालता चालताच ते काढून दुसरं बसवलं. ट्रॅक्टर थांबवायचीही वेळ आली नाही. सासूबाईंनी मागे वळून नुसती मान हलवली. मला पदक मिळाल्यासारखं झालं.

चष्मेवाल्या काकांचं शेत राहिलं होतं. त्यांनी फोनच उचलला नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही ट्रॅक्टर घेऊन त्यांच्या बांधावर थांबलो. काका स्प्रिंकलर सुरू करून खुर्ची टाकून बसले होते. फवारे गरगर फिरत होते आणि उन्हात छान चमकत होते.

“वहिनी, माझं औषध मी मागेच मारून घेतलंय, पावसानंतर, दुसऱ्याकडून,” ते म्हणाले. “तुम्ही तेव्हा झोपला होतात.”

सासूबाई खाली उतरल्या. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशाच थबकल्या. त्या स्प्रिंकलरकडे बघत होत्या. मीही बघितलं, आणि आमच्या दोघींच्या डोक्यात एकदमच काहीतरी लखकन चमकलं.

“भाऊजी, हे रोज याच वेळेला लावता?”

“रोज नाही, पण लावतो तेव्हा संध्याकाळीच. ऊन कमी असतं, पाणी वाया जात नाही. का?”

“आई,” मी म्हणाले, “इतरांच्या शेतात पान ओलं होतं अंधार पडल्यावर. यांच्याकडे आत्तापासूनच.”

“आणि सकाळी दव सगळ्यांबरोबरच वाळतं,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे बुरशीला यांच्याकडे कितीतरी तास जास्त मिळतात. भाऊजी, मागच्या साली तुमचंच शेत आधी का गेलं, हे आत्ता कळलं मला. तुम्ही तिला संध्याकाळपासून पाहुणचार देत होतात.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आम्हाला वाटलं आता भडकणार. ते उठले आणि शेताच्या कडेला जाऊन झाडं बाजूला सारून खालची पानं बघायला लागले. सासूबाईंनी त्यांना डॉक्टरबाईंशी फोनवर बोलायला लावलं. काकांनी खोदून खोदून विचारलं, डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं. पाणी सकाळी उशिरा द्या, दव वाळायच्या सुमाराला, म्हणजे उन्हात पान लवकर कोरडं होईल आणि ओलीचे तास वाढणार नाहीत. आधीचं औषध एव्हाना पावसाने आणि नव्या पालवीने कमी पडलंय, नव्या पानांवर तर ते नाहीच.

काकांनी फोन परत दिला. विहिरीकडे जाऊन पंप बंद केला. फवारे एकेक करत खाली बसले.

“पान वाळलं की शिरा आत,” ते म्हणाले. “आणि वहिनी, दांडा नीट उंच धरा. माझी झाडं मोडू नका.”

आम्ही बांधावर बसून पान वाळायची वाट पाहिली. काकांच्या बायकोने घरातून चहा पाठवला. शेवटी सासूबाईंनी पानं दोन बोटांत धरून पाहिली आणि गाडी आत घातली. पुन्हा दव पडायच्या आत संपवायचं होतं. काका स्वतः पुढे चालत कोपरे दाखवत होते, दगड बाजूला करत होते. उजेड मावळला तेव्हा शेवटची ओळ झाली होती. मला हसू आवरत नव्हतं, सासूबाईंनाही नाही. दोघी ट्रॅक्टरला टेकून विनाकारण हसत बसलो.

त्यानंतर मात्र जीव टांगणीला. पानात काय चाललंय, दिसत नाही. सगळीकडे सारखंच हिरवंगार. ज्यांनी फवारलं नव्हतं ते रस्त्यात भेटून विचारायचे, “काय, आला का तुमचा टिक्का?” सासूबाई वरून शांत, पण जेवताना घास तसाच हातात धरून बसायच्या.

ठिपके आले ते नदीकडच्या शेतांत आधी, जिथे सकाळी सावली राहते. मग रस्त्यापलीकडे. ज्यांनी उकाड्यात औषध मारून हात झटकले होते, त्यांची पानं काळी पडत गेली. आम्ही फवारलेल्या शेतांत फिरलो तेव्हा खाली कुठेकुठे एखादा ठिपका, बाकी पान टवटवीत. काकांच्या शेतात सासूबाई वाफ्यात बसून पानं पालथी करत पुढे सरकत होत्या आणि काका त्यांच्यामागे बसत-उठत. दोघांची वयं मिळून केवढी, आणि चाललंय काय, तर ठिपक्यांची लपाछपी.

पुढे काढणीला काकांनी पहिलं झाड उपटलं ते आमच्यासमोर. दांडा हिरवा आणि चिवट. मुळाशी शेंगांचा घोस माती झटकत वर आला, एकही मागे राहिली नाही. काकांनी तो घोस सासूबाईंच्या हातात दिला. म्हणाले, “मशीनवर पानं टाकली होती, ते विसरा वहिनी.”

“विसरू कशी,” सासूबाई म्हणाल्या. “ती टाकली नसतीत तर मी अजून ढगांच्या मागे पळत असते.”

एकदा मात्र आमचा अंदाज फसला. पुढच्या साली पट्टीने ओल दाखवली, आम्ही घाईने फवारलं, आणि मागाहून कळलं की पट्टीवर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्यातच पाणी अडकून बसलं होतं. सासूबाई दिवसभर स्वतःवरच वैतागल्या. आता पट्टी पुसायचं काम सासऱ्यांकडे आहे, आणि ते ती ताडपत्रीच्या मऊ तुकड्याने आरशासारखी चकचकीत ठेवतात.

गेल्या आठवड्यात तेल गिरणीत एक सूर्यफूलवाला भेटला. त्याच्या पानांवरही डाग पडायला लागले होते, पण वेगळे, तपकिरी, भोवती पिवळी कडा. सासूबाईंनी लगेच एक पान मागून घेतलं आणि पिशवीत टाकलं. मी म्हटलं, “आई, आपण भुईमुगाचे. सूर्यफुलात कशाला?”

त्यांनी ट्रॅक्टर केंद्राच्या रस्त्याला वळवला होता.

“ही बुरशी वेगळी दिसते,” त्या म्हणाल्या. “हिला काय आवडतं ते विचारून येऊ. कदाचित हिला उकाडाच मानवत असेल. बस नीट, धरून बस.”